संथेची खुर्ची

मोडलेल्या पायात रॉड घातला, हाड जुळलं, तरी देवव्रत आजोबांपुढे वेदपाठाची संथा घ्यायला मांडी घालून बसला की रडायचा.

"पाठांतर टाळायची सोंगं!" रामकुंडावरचे यज्ञेश्वरशास्त्री नातवाला म्हणायचे.

शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. रॉडचं टोक गुडघ्याशी आतून टोचत होतं. रॉड काढेपर्यंत जमिनीवर बसणं बंद.

घरी येताच शास्त्रीबुवांनी नातवासाठी खुर्ची मांडली.

"पण आजोबा, गुरूपेक्षा उंच बसायचं नसतं ना?"

"नसतंच." त्यांनी स्वतःसाठीही खुर्ची ओढली आणि टेकताना मोठ्यानं "हुश्श" केलं.

संथा संपल्यावर आजीनं देवव्रतला हळूच आत बोलावलं. "रॉड निघाला तरी तू आपलं दुखतंय असंच म्हण. ह्यांचे गुडघे कित्येक वर्षं दुखतायत, पण कबूल करत नाहीत."