आठवर खूण

पहिल्याच उडीला तिने डोळे मिटून घेतले. ट्रॅम्पोलिनचं ताणलेलं कापड पायाखाली खचलं आणि तिला वर फेकून मोकळं झालं. तिने समोरचा गज घट्ट धरला.

"ताई, गज सोडा आता. मी आहे ना इथे," तरुण डॉक्टरीण म्हणाली.

मुळात ती यायलाच तयार नव्हती. शिवणकाम करायची. सात वर्षांची एकुलती लेक तापात गेली, त्याला दहा महिने झाले होते. तेव्हापासून मशीनवर बसली तरी कापड वेडंवाकडं कापलं जायचं. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली. शेवटी थोरल्या जावेने कुठून तरी माहिती काढली. वीस मिनिटं ट्रॅम्पोलिनवर उड्या मारल्या तर शरीरावर आणि मनावर लगेच काय परिणाम होतो, ते या संस्थेत तपासत होते. जावेने परस्पर नाव दिलं आणि तिला दारापर्यंत आणून सोडलं.

आधी नाडी मोजली होती. मग कागद पुढे आला होता. आत्ता मनाला कसं वाटतंय, एक ते दहा. तिने एकवर खूण केली. त्याच्या खाली आकडाच नव्हता.

तिने गज सोडला. सातव्या-आठव्या उडीला गुडघ्यांना ताल सापडला. कानशिलं तापली, छाती भात्यासारखी चालू लागली, केसांची गाठ सुटून तोंडावर आली. मध्येच तोल गेला, ती बुडावर आपटली, तशीच परत वर उडाली आणि तिला हसू फुटलं. काही केल्या आवरेना. डॉक्टरीणही हसत सुटली.

नंतर नाडी जवळजवळ दुप्पट भरली. कागदावर तिने आठवर खूण केली. गटागटा पाणी प्यायली आणि पोरीबाळींसारखी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरून गेली.

पाच मिनिटांत ती परत वर आली. भिंतीचा आधार घेत. तिने तो कागद मागितला. आठ खोडायचाय, म्हणाली.

डॉक्टरीण घाबरली. चक्कर आली का, कुठे दुखावलं का, विचारू लागली.

"दुखलं काही नाही," ती म्हणाली. "इतकं बरं वाटलं, की घरी जाऊन लेकीला कधी एकदा सांगते असं झालं मला."