साडेसहाची घंटी

साडेसहाला दोन मिनिटं कमी होती आणि मृण्मयीचे ओठ हलले.

रत्नमालाच्या हातातली काडेपेटी तशीच राहिली. ती खाली बसली आणि पोरीच्या तोंडाजवळ कान नेला. "म्हण माय, म्हण! काय म्हणायलीस?"

मृण्मयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओठ पुन्हा हलले. "कि..." एवढंच आलं आणि थांबलं.

"अहो, चहा ठेवा बाजूला, इकडं या!" रत्नमालानं स्वयंपाकघराकडे हाक मारली. तिचा नवरा साहेबराव धावत बाहेर आला. पाळणाघरातली बाकीची मुलं गेली होती. राहिले होते चिन्मय आणि मृण्मयी. मृण्मयीला तीन वर्षं पूर्ण झाली होती, पण तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. कान चांगले होते. डॉक्टर म्हणत, थांबा. तिची आई मनस्विनी थांबत होती, आणि रोज घ्यायला आली की एकच विचारत होती, "मावशी, आज काही बोलली का?"

आणि आज काहीतरी येत होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

काटा साडेसहावर गेला. रत्नमाला उठली.

"आजच्या दिवस राहू दे," साहेबराव कळवळून म्हणाला. "तू बोलत राहा तिच्याशी. दिवा मी लावतो."

तिनं मान हलवली. काडी ओढली, महादेवाच्या पिंडीपुढं दिवा लावला, घंटी वाजवली आणि ओठ मिटून घेतले. आता रात्रीचं जेवण होईपर्यंत ते उघडणार नव्हते.

घंटी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू गेली. भेळेच्या गाड्याजवळ चिन्मयचे वडील राजेंद्र कागदातली शेवटची भेळ खात होते. शेजारी मनस्विनी उभी होती.

"वाजली! चला मॅडम, आता बिनधास्त," राजेंद्र म्हणाले.

मुलांना न्यायची वेळ सहाची. रत्नमाला तशी हळू बोलणारी बाई, पण सहाच्या वर पाच मिनिटं गेली की एक हात कमरेवर ठेवायची आणि दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाकडे करायची. "किती वाजले? लेकरू कवाचं वाट बघायलंय!" बजाजनगरच्या कारखान्यांत शंभर-शंभर कामगारांवर ओरडणारे सुपरवायझर त्या बोटापुढं मान खाली घालत. मग श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ती वेरूळला जाऊन आली आणि दिवा लागला की मौन धरू लागली. पालकांच्या हे ध्यानात यायला आठवडा पुरला. ज्याचे सहा चुकत, तो सरळ साडेसहाच करायचा. श्रावण सरला, दिवाळी गेली, तुळशीचं लग्नही लागलं. मौन काही सुटलं नाही. का सुटलं नाही, हे कुणी विचारलं नाही. सोयीचं होतं.

"रामराम मावशी! ट्रॅफिक म्हणजे लईच हो आज," राजेंद्र आत येत म्हणाले. त्यांच्या मिशीला शेव चिकटली होती. रत्नमाला त्या शेवेकडे बघत राहिली. राजेंद्रनी मिशी पुसली.

मनस्विनी दारातच थांबली. "सॉरी मावशी, मीटिंग लांबली." मग आवाज खाली उतरला. "आज काही बोलली का?"

रोज रत्नमालाची मान नकारार्थी हलायची. आज हलली नाही. तिचे डोळे चमकत होते. दोन्ही हात छातीशी घट्ट धरून ती मृण्मयीकडे बघत होती.

मृण्मयी चटईवरून उठली. दोन पावलं पुढं आली. एक हात कमरेवर ठेवला. दुसऱ्या हाताचं इवलंसं बोट घड्याळाकडे गेलं.

"किती वाजले?"

"खरंच सॉरी मावशी," मनस्विनी सवयीनं रत्नमालाकडे बघून म्हणाली, "उद्यापासून मी..."

रत्नमालाचे ओठ मिटलेलेच होते. डोळ्यांतून धार लागली होती.

"मावशी नाय बोलल्या, मॅडम," राजेंद्र कसेबसे म्हणाले. "खाली बघा. खाली!"

"लेकलू वाट बघायलंय!" मृण्मयी कडाडली.

मनस्विनीच्या खांद्यावरून पर्स घसरली, डबा खडखडत सोफ्याखाली गेला. ती होती तिथंच फरशीवर बसली. "परत म्हण. परत रागव मला, माझी बाई!" पोर परत रागावली. तिसऱ्यांदा रागावली. चिन्मय टाळ्या पिटत उड्या मारायला लागला. साहेबरावाला काय करावं सुचेना, त्यानं देवापुढची घंटी उचलली आणि घणघण वाजवतच सुटला.

"पुरे की! फुटंल ती!"

सगळ्यांच्या माना रत्नमालाकडे वळल्या. हा आवाज या वेळेला चार महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. दिवा तेवत होता. जेवणाला अजून अवकाश होता.

"मावशी, तुमचं मौन!" मनस्विनी घाबरून उभी राहिली. "आमच्यामुळं मोडलं?"

"मोडलं नाय बाई, नवस फिटला." रत्नमालानं पदरानं डोळे पुसले. "महादेवाला म्हणले होते, रोज सांजच्याला माझी वाचा तुझ्यापाशी ठेवते, या लेकराची तेवढी दे."

मग तिनं एक हात कमरेवर ठेवला. शेजारी मृण्मयीनंही ठेवला. दोन बोटं घड्याळाकडे गेली.

"आता उशीर करून बघा. बोलायला आमी दोघी हाव."