एका चाकावर

आयर्लंडमधल्या डंडॉक गावी शाळेच्या जत्रेत एकचाकी सायकल ठेवली होती आणि सकाळपासून भलेभले तिच्यावरून आपटत होते. अक्षयाने ओढणी कमरेला बांधली. “मॅम, प्लीज डोन्ट!” आईला तिथल्या मुलांसारखं ‘मॅम’ म्हणणारी लेक मैत्रिणींमागे लपली. आई जपानमध्ये एकचाकी शिकली, ही कर्नल आजोबांची गोष्ट तिला थापच वाटायची. त्यांची टोकियोतली नेमणूक संपत आलेली, घरात काळ्या ट्रंका भरल्या जाताहेत, आणि लहानगी अक्षया शाळेच्या मैदानात एका चाकावर धडपडतेय. आई-बाबा रोज तिचे हात धरून दोन्ही बाजूंनी धावायचे. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी हात सोडले आणि ती पार कुंपणापर्यंत गेली. आज जत्रेत शेजारी उभ्या कर्नल बाबांनी काठी सावरत जुन्या सवयीने हात पुढे केला. तो क्षणभर धरून अक्षया म्हणाली, “सोडा, बाबा!” डगमगली, सावरली, आणि सुसाट निघाली. “दॅट्स माय मॅम!” लेक किंचाळली. “आणि माझी पोर!” कर्नलसाहेबांनी मैदान दणाणून सोडलं.