टवका

क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या लायब्ररीत मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची, संध्याकाळ होती. बाहेर दक्षिणेचा गार वारा खिडक्या हलवत होता आणि आत माणसं जॅकेटं न काढताच बसली होती. लायब्ररीच्या मेरेबाईंनी पहिली गोष्ट सांगितली, त्यांच्या माओरी आज्यांकडून आलेली. आकाश आणि धरती या आईबापांना मुलांनी एकमेकांपासून तोडलं. वाऱ्याच्या देवाला ते सहन झालं नाही. त्याने रागाने स्वतःचे डोळे उपटले, चुरगाळले आणि आभाळात फेकले. तेच मातारिकीचे तारे.

"मग राग गेला का त्याचा?" कुणीतरी विचारलं.

"वारा ऐकताय ना?" मेरेबाई म्हणाल्या.

मग हेनरिक उठला, सत्तरीचा डॅनिश सुतार. त्याची गोष्ट लोकी नावाच्या कपटी देवाची. लोकीच्या कारस्थानाने एक भला देव मेला, म्हणून बाकीच्यांनी त्याला खडकाला बांधून टाकलं. वर साप, तोंडावर विष ठिबकतंय. बायको वाटी धरून बसलेली असते. ती वाटी रिकामी करायला गेली की तो तडफडतो आणि जमीन हलते. यावर मोठा भूकंप पाहिलेली क्राइस्टचर्चची माणसं हसली, पण जरा जपूनच.

"आमच्याकडे ही हिवाळ्यात सांगायचे," हेनरिक म्हणाला. "कितीही मोठा असो, त्याने केलं ते दरवर्षी सगळ्यांनी ऐकायचं."

तिसरी गोष्ट मराठी मंडळाची होती. मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखर बायकोला, दमयंतीला, घेऊन पहिल्याच रांगेत बसले होते. फोटोत मंडळ दिसायला नको का? गोष्ट सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं, तेव्हा कलावतीबाईंनी आपलं नाव दिलं. त्या मराठीत सांगणार आणि त्यांची सून अक्षता त्याचं इंग्रजी करणार. घरून ठरली होती ससा आणि चंद्राची गोष्ट.

कलावतीबाईंनी माईक हातात घेतला, पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि ससा बाजूला ठेवला.

"एक मोठं घर होतं. तिथे दिवाळीचं जेवण होतं. नवी पाहुणी दारात आली, तर तिला आधी विचारलं, आडनाव काय, गाव कुठलं."

अक्षताचे कान तापले. ती पाहुणी म्हणजे ती स्वतःच होती आणि ते घर समोर बसलेल्या अध्यक्षांचं. आडनावावरून काय काढायचं असतं ते मराठी माणसाला सांगायला नको.

"आई, नको," ती पुटपुटली.

"तू सांग."

तिने सांगितलं, खाली बघत.

"सगळ्यांना स्टीलची ताटं होती," कलावतीबाई पुढे म्हणाल्या. "आडनाव ऐकल्यावर यजमान स्वतः आत गेले आणि पाहुणीसाठी कागदाची प्लेट घेऊन आले. म्हणाले, तुम्हाला हे सोयीचं पडेल."

इथे अक्षताने कच खाल्ली. इंग्रजीत तिने सगळ्याच पाहुण्यांना कागदाच्या प्लेटा देऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा याच माणसांत वावरायचं होतं, मुलाला मंडळाच्या शाळेत सोडायचं होतं.

कलावतीबाईंना इंग्रजी बोलता येत नव्हतं, कळत मात्र पुरेसं होतं. "एव्हरीबडी काय म्हणतेस? एकटीला दिली होती. नीट सांग."

चंद्रशेखर समोर हसत होते. सुटल्यासारखं, आरामात, पाय लांब करून. त्या हसण्याने अक्षताचं डोकं फिरलं. दिवाळीपासून गिळलेलं सगळं वर आलं. तिने सासूच्या हातातून माईक घेतला.

"सॉरी, चुकलं," ती इंग्रजीत म्हणाली. "कागदाची प्लेट एकटीलाच होती." आणि आता ती सासूसाठी थांबली नाही. "जेवण झाल्यावर पाहुणी प्लेट टाकायला मागच्या दाराने लाल झाकणाच्या, कचऱ्याच्या बिनपाशी गेली. बिनमध्ये काचेचा एक ग्लास पडला होता. ती आल्याआल्या त्यातून पाणी प्यायली होती. ग्लास अख्खा होता. कडेवर तिच्या लिपस्टिकचा डाग तसाच होता."

कलावतीबाई वळून सुनेकडे बघत राहिल्या. प्लेटचं तिने घरी सांगितलं होतं. ग्लासाचं कुणालाच नाही, नवऱ्यालाही नाही.

"पण त्या ग्लासाचा टवका उडाला होता."

बोलले चंद्रशेखर. इंग्रजीत, उभं राहून, अगदी मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं. दमयंतीने त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता. गोष्टीत कुणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं.

सगळ्या माना वळल्या. हेनरिकने चष्मा काढून त्यांना नीट पाहून घेतलं.

"तुमचं घर होतं का ते?" मेरेबाईंनी अगदी हळू विचारलं.

चंद्रशेखर खाली बसले. अक्षताला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

"ग्लासाचं मला बोलली नाहीस," कलावतीबाई म्हणाल्या.

"आता बोलले ना."

मेरेबाईंनी सगळ्यांना चहाला बोलावलं. मग कलावतीबाईंचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, पुढच्या मातारिकीला याल ना?

"येईन म्हणावं," कलावतीबाई सुनेला म्हणाल्या. "आणि हीच गोष्ट सांगेन. मी नसले तर ही सांगेल. हिच्यानंतर हिचा मुलगा."

चंद्रशेखर दारापाशी जॅकेटची चेन लावत होते. चेन अडकली होती. अक्षताच्या हातातला माईक अजून चालू होता, आणि या वेळी तिने शब्दन् शब्दाचं इंग्रजी केलं.