तिसऱ्या रांगेतल्या बाई

“बाई, खरं सांगा, नेणार कुणाला तुम्ही?”

प्रश्न ओरियानने विचारला, पण पैज कोराली आणि मोदची होती. विचारून दाखवलंस तर आठवडाभर तुझी हॉकीची बॅग आम्ही उचलू, असं ठरलं होतं. आता त्या दोघी जिन्याच्या कठड्याआड, तोंडावर हातमोजे दाबून खिदळत होत्या.

बाईंनी मांडीवरची वही मिटली. निळा कोट, पिकलेले आखूड केस, गळ्यातलं ओळखपत्र उलटं.

“शनिवारच्या सामन्यानंतर ठरेल. त्याआधी बोलायची मला परवानगी नाही.”

“पण कुणी आवडलंय का?”

“काही नावं आहेत डोक्यात,” बाई म्हणाल्या आणि बर्फाच्या मैदानाकडे बघायला लागल्या.

रिमुस्की शहरात दर फेब्रुवारीत मुलींच्या आइस हॉकीची ही स्पर्धा होते. फिनलंड, चेकिया, स्वित्झर्लंडचे क्लब आमंत्रणावरून येतात, सगळ्या पंधरा वर्षांखालच्या मुली. त्यातून माँट्रियालची अकादमी दर वर्षी एक मुलगी उचलते. शाळा, राहणं, खाणं, खेळ, सगळं तिथेच. अकादमीचं माणूस न सांगता येतं, बघतं आणि निघून जातं. बाईंना कोरालीने पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

“एकटी येते, कुणासाठीच टाळ्या वाजवत नाही, सारखी लिहिते. अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?”

पुरावा भरपूर झाला. ओरियानची झोप उडाली.

फिनलंडच्या संघाविरुद्ध तिने दोन गोल केले. दोन्ही वेळा तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. पेन हललंच नाही! मग तिची स्टिक एका फिनिश मुलीच्या पायात गेली, शिट्टी वाजली आणि दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसायची पाळी आली. आता मात्र पेन भराभर चालत होतं.

बाकावरून तिने नीट पाहिलं. शिट्टी वाजली की बाई लिहीत. एरवी हात मांडीवर.

“त्या चुका लिहितात गं,” ती मोदला म्हणाली.

“मग तुझं एक पान तर आजच भरलं.”

ओरियानला हसू आलं नाही. तिने त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं, आता आपल्या नावावर एकही शिट्टी नको. त्यासाठी शिट्टी कधी वाजणार हे आधी कळायला हवं. म्हणून ती पकच्या काळ्या चकतीबरोबर पंचांवरही नजर ठेवायला लागली. ते कुठे उभे राहतात, मान कुठे वळते, हात कधी वर जातो. शुक्रवारच्या उपांत्य सामन्यापर्यंत तिला शिट्टी वाजायच्या आधीच ऐकू यायला लागली. स्विस मुलींनी ढकललं, डिवचलं, पण ती एकदाही बाकावर गेली नाही.

घरी वाटाण्याचं सूप समोर थंड होत होतं.

“खा की गं,” बाबा म्हणाला. “सात वर्षं पहाटे पाचला गाडीवरचा बर्फ खरवडतोय मी, तो काय व्यायाम म्हणून?”

“नको ना बाबा. डोक्यात उद्याचा सामना आहे.”

“माझ्याही. मी आज त्या बाईंसाठी गरम चॉकलेट घेऊन गेलो होतो. घेतलं नाही. नियमात बसत नाही म्हणाल्या.”

“म्हणजे अकादमीच्याच!” आई म्हणाली आणि तिनेही चमचा खाली ठेवला.

शनिवारी समोर चेक संघ होता. दोन-दोन, आणि चार मिनिटं उरलेली. पक मोदकडे होता. कोरालीला दम निघेना. मोद निळ्या रेघेपाशी पोचायच्या आत कोरालीचे दोन्ही स्केट रेघेपलीकडे गेले. पकच्या आधी रेघ ओलांडली, ऑफसाइड!

ओरियान जागच्या जागी थांबली. तिचा हात आपोआप वर गेला.

पुढच्या क्षणी पंचांचा हात वर गेला आणि शिट्टी वाजली. मोदने दिलेला पक कोरालीने जाळ्यात मारला, पण आता त्याला काही अर्थ नव्हता.

“शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं असतं!” कोच गिलाँ बाकामागून ओरडले. “हात वर करणारी तू कोण लागून गेलीस?”

ओरियानने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बाई लिहीत नव्हत्या. सरळ तिच्याकडेच बघत होत्या.

नव्वद सेकंदांनी चेक संघाने गोल केला. तीन-दोन. संपलं.

कपडे बदलायच्या खोलीत कोरालीने हातमोजा भिंतीवर फेकला.

“तू नक्की कुणाच्या संघात आहेस गं?”

ओरियान बुटांच्या नाड्या सोडत राहिली. गाठ सुटतच नव्हती. सात वर्षं, आणि हात वर करायला अर्धा सेकंद.

दार उघडलं. गिलाँच होते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

“ओरियान, त्या निळ्या कोटवाल्या बाई तुला बोलावताहेत.”

कोरालीने हातमोजा उचलला आणि तिला वाट करून दिली.

आई-बाबा बाहेर पॅसेजमध्ये उभे होते. आठ मिनिटं आई घड्याळ बघत होती. मग कोपऱ्यावरच्या खोलीतून ओरियान आली. गाल लाल, केस अजून ओले.

“काय झालं?” बाबाला धड विचारताही येईना.

“त्यांनी मला निवडलं.”

आईने तिला घट्ट मिठीत घेतलं. बाबाने डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. “माँट्रियाल! थांब, आजीला आधी सांगतो.”

“बाबा, फोन ठेव. आई, तूही ऐक. अकादमीचं या वर्षी कुणी आलेलंच नाही. या बाई पंचांना गुण देतात, त्यांनी मला पंचांच्या प्रशिक्षणासाठी निवडलंय, आणि मी ठरवलंय, मी पंच होणार.”