पानाची पाठ

छिन्नी. गार झालेले तर्री-पोहे. दगडात जीवाश्म होऊन राहिलेला पंचवीस कोटी वर्षांचा नेचा, म्हणजे फर्न. पीएचडीचं सहावं वर्ष.

नेच्याला ना फूल, ना बी. त्याचे बीजाणू पानाच्या पाठीवरच्या पिशव्यांत असतात. त्या काळी त्या पिशव्या आपोआप कशा उघडत, हाच अश्लेषाचा प्रबंध. आणि हे पान दगडाला पाठ टेकून निवांत पडलेलं.

"एकुलता एक नमुना! फोडलास आणि पाठ कोरी निघाली तर?" फडक्यात गुंडाळलेल्या दगडाकडे बघत तायडे सर गुरकावले.

"नाही फोडला तरी सहा वर्षं पाण्यातच, सर."

"फोड बाई. मी डोळे मिटतो."

हातोडी खणकली. सरांनी डोळे उघडले तर फडक्यावर दोन तुकडे आणि पिशव्यांची रांग, प्रत्येक पिशवी एकाच बाजूने उसवलेली.

"रिकाम्या आहेत गं! पाखरं केव्हाच उडाली."

"म्हणून तर उघडलेल्या सापडल्या, सर!"

दगड तिने चार दिवसांपूर्वीच फोडला होता.