रिकामे दोन दिवस

“गरम पाणीच बघायचं होतं, तर घरची चूल काय वाईट होती?”

उनाईच्या कुंडात, बायकांच्या बाजूला, पाण्यात पाय सोडून नवशी पुटपुटली. शेजारी बसलेल्या सुनेला, वर्षाला, ऐकू जाईल इतपतच. वैशाखातली सकाळ. वर ऊन, खाली वाफ. काल बारडा डोंगरावर नेलं, गुहा दाखवायला. तिथे वटवाघळं होती आणि नवशीचे गुडघे. आज हे. दुपारी दुधनीचं तळं. तिथं म्हणे होडीत बसायचं.

सहलीची हौस नविनला एकाएकी आली होती. या मुलाने आईला आजवर डहाणूच्या बाजारापलीकडे नेलं नव्हतं. पण तिचे दोन दिवस रिकामे झाले होते, आणि एरवी वैशाखात ती कोणाच्या हाती लागते? गंजाडच्या पाड्यांवर लग्न लावणारी धवलेरी ती. भिंतीवर रंगवलेल्या लग्नाच्या चौकापुढे बसून ती गाणार, देवांना एकेक करून बोलावणार, तेव्हा कुठं लग्न लागायचं. हे दोन दिवस तिने भावाच्या मुलीसाठी, शितलसाठी, राखून ठेवले होते. मग भाऊ पांड्या दारात उभ्याउभ्याच सांगून गेला, की नवऱ्या मुलाला सुट्टी मिळाली नाही, लग्न आठ दिवस पुढं गेलं. चहाला काही थांबला नाही.

“पाठ घासून देते, आई,” वर्षा म्हणाली. कालपासून ती फार गोड वागत होती. नवशीला ते गुडघ्यांपेक्षा जास्त खुपत होतं.

वर्षाने हात पुढे केला. नवशीने तो मनगटाशी धरला आणि उलटा करून पाहिला. नखांच्या कडांना पिवळं. कोपराच्या घडीत पिवळं. गरम पाण्यात ते अजूनच खुललं होतं.

वर्षा म्हणाली, परवा कैरीचं लोणचं घातलं ना, त्याचं असेल.

“लोणच्याची हळद कोपरापर्यंत चढते होय गं?”

भिंतीपलीकडून नविनची हाक आली. झालं का, निघायला हवं, दुधनीला ऊन होईल. नवशीने हात धरूनच ठेवला, आणि वर्षाने तो सोडवून घेतला नाही. मग पाण्याकडे बघत ती बोलत गेली. परवा आई दुसऱ्या पाड्यावर लग्नाला गेली, तेव्हा पांड्यामामाच्या घरी हळद लागली. लग्न आज. तळासरीला हॉल घेतलाय. मुलाकडचे भटजी आणणार, बँड आणणार. पण धवलेरी घरात बसलेली असताना तिला ओलांडून पाड्यातलं एक माणूस टेम्पोत चढलं नसतं. म्हणून मामाने आणि नविनने मिळून ही सहल ठरवली. मलाही लग्नाला जाऊ दिलं नाही, हे सांगताना वर्षाचा आवाज जरा चढला. नवी साडी घडी न मोडता पेटीत पडली होती.

नवशीने तिचा हात सोडला.

“तरीच कालपासून सगळे गोंजारतायत,” ती म्हणाली. “बाजारात न्यायच्या गायीला असंच गोंजारतात.”

तिने किती वाजले विचारलं. साडेदहा. म्हणजे अजून लागलं नसेल, ती म्हणाली. भावाचं तोंड बघणार नाही, मुलाशी घरी गेल्यावर बोलेन. पण पोरीचा काय दोष? दोन वर्षांची होती तेव्हापासून शितल आत्याच्या मांडीवर डोकं टेकून लग्नं ऐकत आली. आठव्या वर्षी निम्मी गाणी पाठ. आत्याचा दम सुटला की पुढची ओळ ती उचलायची, आणि म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तिलाही काहीबाही सांगितलं असेल. आत्या आजारी आहे, असं. पाटावर बसून रडत असेल बिचारी. कोणी गायलं नाही तर ते लग्न कसलं?

वर्षा पाण्यात कोपर चोळत राहिली.

नवशीने डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले आणि तिथंच, पाण्यात पाय ठेवून, हलक्या आवाजात सुरू केलं. इथून गायलं तरी देवांना काय, त्यांना सगळं सारखंच. पलीकडच्या पायरीवर एक गुजराती बाई नातीला आंघोळ घालत होती. तिने भजन समजून हात जोडले. नवशीने पालघाटदेवीला बोलावलं. डोंगराला बोलावलं, वाघाला बोलावलं, पाड्याच्या वेशीला बोलावलं. आवाज हळूहळू उघडत गेला. गाण्यातच चौक काढून झाला, दिवा लावून झाला. आता नवरीला नावाने हाक मारायची होती. त्यासाठी तिने दम घेतला.

वर्षाने तिच्या तोंडावर ओला हात ठेवला.

“आई, गाऊ नको. मामा शेवटपर्यंत म्हणत होते, बहिणीला कसं टाळू. आत्या नको, असं शितलच म्हणाली.”